झाकलेल्या पातेल्याची गोष्ट

सोलापूरचं नाव निघालं की परगावच्या पाहुण्याला आधी शेंगाचटणी आठवते. मग कडक भाकरी, थंडीतला हुरडा, आणि सामिष खाणाऱ्याला काळ्या तिखटातलं मटण. ज्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, तिथे चार स्वयंपाकघरांचे वासही एकमेकांत मिसळणारच. गावाच्या या कौतुकाच्या यादीत एक पदार्थ मात्र कधी येत नाही. तो इथे पिढ्यान्‌पिढ्या शिजतो, चवीने खाल्ला जातो. पण शिजतो तो ठरावीक वस्त्यांत, आणि त्याचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणतात. तो पदार्थ म्हणजे डुकराचं मांस. आज त्याच्याविषयी, त्यातही त्याच्या बरगड्यांविषयी लिहायचं आहे. ज्यांना विषय रुचणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, राग नाही. पण शाकाहारी वाचकांच्याही उपयोगाची एक गोष्ट पुढे आहे, तेवढी वाचावी अशी विनंती.

मी वडार समाजातला. दगड फोडणं, माती उपसणं, पाया खणणं हा आमचा पिढीजात धंदा. या जिल्ह्यातले रस्ते, विहिरी, तलाव, बांध यांच्यात आमच्या किती पिढ्यांचा घाम मुरला आहे, त्याची नोंद कुठल्याच शिलालेखावर नाही. माझे वडील उजनीच्या कामावर होते. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि आमचं बिऱ्हाड सोलापुरात आलं. घरात आम्ही तेलुगूच्या वळणाची वडारी बोलतो. तिच्यात डुकराला ‘पंदी’ म्हणतात. दगडाच्या कामावरून दमून आलेल्या माणसाला स्वस्तात भरपूर ताकद देणारं दुसरं अन्न नव्हतं. बकऱ्याचं मटण सणावारालाही परवडत नसे. डुक्कर मात्र पालाच्या मागेच वाढायचं.

आईची कृती अगदी साधी होती. तेल नाहीच. मांसाची चरबी आधी पातेल्यात सुटू द्यायची आणि त्याच चरबीत ठेचलेला लसूण, मीठ, हळद आणि मूठभर जाडसर तिखट. अंगच्या पाण्यात दोन तास मंद आचेवर. बरगड्या लहान मुलांच्या वाटणीच्या, कारण हाड चोखत पोर तासभर गप्प बसतं! पण शहरातल्या भाड्याच्या खोलीत आल्यावर या पातेल्याला दोन झाकणं आली. एक पितळेचं आणि दुसरं दाराचं. खिडकी लावून, दाराला आतून कडी घालून आई पंदी शिजवायची. शाळेत कुणी विचारलं तर ‘मटण’ म्हणायचं, हे आम्हा भावंडांना न शिकवताच समजलं होतं. एवढं करूनही वास कुणाला तरी लागलाच आणि एका घरमालकाने महिन्याभरात खोली रिकामी करून घेतली. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

पुढे नोकरीत असताना वाचनाचा नाद लागला, तेव्हा एका ग्रंथाने मला चकित केलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण, सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने गेलं तर काही तासांच्या अंतरावर. आपला हा सगळा मुलूख त्याच्याच राज्यातला. मराठी गीतांच्या अगदी जुन्या ओळी ज्या ग्रंथात सापडतात, तो हाच. याच ग्रंथातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात राजाने डुकराच्या मांसाची कृती बैजवार दिली आहे. अंगावरचे राठ केस गरम पाण्याने कसे सोडवावेत, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर कसे काढावेत, मग मांस विस्तवावर कसं भाजावं आणि त्याचे ताडाच्या पानांसारखे पातळ काप कसे करावेत, सगळं आहे. गवताचा जाळ करून केस काढण्याची रीत मी माझ्या आज्याला करताना पाहिली होती. नऊशे वर्षांपूर्वी जी रीत राजाच्या मुदपाकखान्यात होती, ती आमच्या पालापाशी आली तेव्हा हलकी ठरली. रीत तीच, मांस तेच. बदललं ते खाणाऱ्याचं नाव.

आणि हे आपल्याकडेच. गोव्यात ख्रिस्ती घरांतल्या लग्नात सोर्पोतेल नसेल तर पाहुणे नाराज होतात. तिथल्या ‘विंदालू’चं मूळ पोर्तुगीजांच्या मद्य आणि लसणात मुरवलेल्या मांसात, मिरचीही त्यांनीच अमेरिकेतून आणली आणि मग तो पदार्थ अस्सल गोव्याचा झाला. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन घरांत बाटलीत भरून ठेवायचा मसाला याही मांसाला लागतो. कर्नाटकात कोडगूला जा, तिथली ‘पंदी करी’ कोडवा लोकांचा अभिमानाचा पदार्थ आहे. पर्यटक ती मुद्दाम विचारत येतात. शब्द पाहा, पंदी! माझ्या आईने खिडकी लावून उच्चारलेला शब्द तिथे हॉटेलच्या पाटीवर लिहिलेला असतो.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. एकदा मित्रमैत्रिणींबरोबर ती मोठ्या हॉटेलात गेली आणि जेवणाआधीचं खाणं म्हणून भट्टीत भाजलेल्या, गोड-तिखट रसाने माखलेल्या बरगड्यांची थाळी समोर आली. घरी फोन करून म्हणाली, “अप्पा, ही तर आजीचीच पंदी! फक्त गोड केलीय आणि बिलात एक शून्य जास्त आहे.” आम्ही पुष्कळ हसलो. पण त्या हसण्यातून एक विचार मागे राहिला. दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो. घरी तीसेक माणसं बोलवायची ठरली होती. मुलगी म्हणाली, “त्या दिवशी बरगड्या करायच्या. आणि नाव सांगून वाढायच्या.”

मी लगेच हो म्हटलं नाही. पाहुण्यांत लिंगायत शेजारी होते, पद्मशाली मित्र होते, कचेरीतले मुसलमान सहकारी होते, साहेब होते. ज्यांच्याबरोबर तीस वर्षं डबा खाल्ला, त्यांतल्या बऱ्याच जणांना माझी जात ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि ताटात दिसणं वेगळं. आईला विचारलं. ती ऐंशीच्या पुढे आहे. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सगळ्यांसमोर? आणि कुणी उठून गेलं तर?” मी म्हटलं, “जाऊ दे की.” त्यावर ती म्हणाली, “मग तिखट नीट घाल. मिळमिळीत केलंस तर आपलं नाव खराब होईल.” परवानगी मिळाली ती अशी.

आता कृती. दीड किलो बरगड्या आठ जणांना जेवणाआधी पुरतात. शक्य तर पाळीव, फार्मवर वाढवलेल्या डुकराच्या घ्याव्यात. हाडांच्या आतल्या बाजूला एक पातळ पांढुरका पापुद्रा असतो, तो सुरीचं टोक घालून कडेला उचलावा आणि फडक्याने धरून ओढून काढावा. तो राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना चिवट लागतं. दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण, तीन चमचे सोलापुरी काळं तिखट, अर्धा चमचा हळद, दोन चमचे चिंचेचा कोळ आणि मीठ एकत्र करून बरगड्यांना चोळावं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी घालून, वरून अ‍ॅल्युमिनियमचा कागद घट्ट बसवून, ओव्हनमध्ये १५० अंशांवर दोन ते अडीच तास ठेवावं. घाई करू नये. बरगडीच्या मांसातले चिवट धागे मंद उष्णतेत हळूहळू विरघळून मऊ, चिकट रस होतात. आच मोठी केली तर तेच मांस आक्रसून वातड होतं. आईची मंद चूल हेच शास्त्र पाळत होती.

ट्रेमध्ये सुटलेला रस कढईत ओतावा, वरची जादा चरबी काढून घ्यावी. रसात पाव वाटी किसलेला गूळ, चमचाभर चिंच, आणखी चमचाभर काळं तिखट घालून तो चमच्याला चिकटेल इतका आटवावा. शेवटी दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट. हा लेप बरगड्यांवर लावून, कागद न झाकता, २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवावं. मध्ये एकदा काढून दुसरा हात द्यावा. गूळ आधीच लावला तर दोन तासांत जळून कडू होतो, म्हणून तो शेवटी. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबून दोन हाडांच्या मधून कापावं. सोबत कांदा, लिंबू आणि कडक भाकरीचे तुकडे. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये तीन शिट्ट्या आणि नंतर पंधरा मिनिटं बारीक गॅस. मग जाड लोखंडी तव्यावर लेप लावून खरपूस करावं. डुकराऐवजी बोकडाचा सीना-चाप घेतला तरी याच मार्गाने जावं, फक्त वेळ थोडा बदलेल.

आता ती उपयोगाची गोष्ट. ‘डुकरामुळे मेंदूत जंत होतात’ असं आपण सर्रास ऐकतो. यात अर्धं सत्य आहे. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं, बाधित मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात वाढतो. म्हणून मांस आतपर्यंत पूर्ण शिजलंच पाहिजे, आणि वरच्या कृतीत ते शिजतं. पण मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात, तो आजार होतो या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि अस्वच्छ पाणी, न धुतलेली भाजी, न धुतलेले हात यांतून कुणाच्याही तोंडात जातात. त्यामुळे जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. म्हणजे यावरचा उपाय डुक्कर खाणाऱ्याला नावं ठेवणं हा नाही. संडास, स्वच्छ पाणी आणि धुतलेली कोथिंबीर, हा आहे. उघड्या गटारावर डुकरं चरतात तो दोष डुकरांचा नाही, गटार उघडं ठेवणाऱ्यांचा आहे.

मेजवानीची तयारी करताना आम्ही एक पथ्य पाळलं. ज्यांना धर्माने किंवा मनाने हे मांस वर्ज्य आहे, त्यांना आधीच फोन करून सांगितलं. शाकाहारी स्वयंपाक शेजारच्या घरात झाला. बोकडाच्या चापांचा ट्रे वेगळा, चिमटे वेगळे, ताटल्या वेगळ्या आणि टेबलंही दोन. बरगड्यांच्या ट्रेपुढे मुलीने स्वच्छ अक्षरात पाटी लावली: ‘डुकराच्या बरगड्या, वडारी पद्धतीच्या’. आपलं अन्न उघडपणे वाढायचा हक्क आणि दुसऱ्याचं पथ्य सांभाळायची जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच यजमानाच्या आहेत, असं मला वाटतं. लपवून वाढणं हा तर दोन्हींचा अपमान.

काय झालं म्हणाल, तर फार काही झालं नाही. दोघं-तिघं पाटी वाचून दुसऱ्या टेबलाकडे वळले, ते त्यांच्या पद्धतीने नीट जेवले. मुसलमान मित्राने चाप खाता खाता मसाल्याचं प्रमाण विचारून घेतलं. एक जोडपं काम आहे म्हणून लवकर निघालं. ते कामासाठी की पाटीमुळे, हे मी शोधत बसलो नाही. पद्मशाली मित्राने तिसरी बरगडी उचलली आणि हळूच म्हणाला, “लहानपणी तुमच्या वस्तीतल्या दोस्ताकडे खायचो. घरी सांगितलं नव्हतं.” म्हणजे झाकलेलं पातेलं एकट्या आमच्याच घरात नव्हतं.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० मध्ये भटक्यांचं जगणं मराठी वाचकासमोर मांडलं. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवरचे पदार्थ कृतींसह छापले. पण घराघरांत ओट्याजवळ ठेवलेली पाककृतींची पुस्तकं चाळा. त्यांत आमच्यासारख्यांची चूल क्वचितच सापडते. साहित्यात आमचं दुःख आलं, आमची चव अजून यायची आहे. दुःख वाचून माणूस हळहळतो, चव घेऊन मात्र शेजारी बसतो. म्हणून प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या हातची कृती विचारून वहीत लिहून ठेवा. ती कोणत्याही जातीची असो, कोणत्याही पातेल्यातली असो. पदार्थ खावा की न खावा हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्याचं नाव मोठ्याने घेता यावं, एवढी जागा आपल्या टेबलावर असायला काय हरकत आहे?