यंत्रसेवांचे करार व त्यांची पारख

कारंजा येथील कापसाच्या बाजारास १८८६ सालीं हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमानें नियमन लाभलें, आणि १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कापूस व धान्य यांच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. कारंजा आज वाशिम जिल्ह्यांत मोडतें. भारतांतील नियंत्रित बाजाराची सुरुवात तेथूनच सांगण्याचा प्रघात आहे. अशा नियमनाची गरज कां पडते हें समजणें कठीण नाहीं. विकणारा व घेणारा यांच्या तोंडीं शब्द एकच असतो, परंतु त्याचा अर्थ दोघांच्या मनांत निराळा असूं शकतो. मण म्हटला तर तो किती वजनाचा? कापूस म्हटला तर तो सरकीसकट, कीं नुसती रुई? हें आधीं ठरलेलें नसलें म्हणजे तंटा काट्यावरच उभा राहतो, आणि काट्यावर माल टाकून बसलेल्या शेतकऱ्यास तंटा परवडत नाहीं.

हाच तंटा आज संगणकाच्या आज्ञावलींमध्यें होऊं लागला आहे, आणि त्याची झळ पुन्हां त्याच शेतकऱ्यास लागूं शकते. २०२५ सालीं भारतीय कापूस महामंडळानें ‘कपास किसान’ नांवाचें मोबाइलवरील ॲप सुरू केलें. हमीभावानें कापूस विकूं इच्छिणाऱ्यानें त्यांत आधार क्रमांकावरून नोंदणी करावी व खरेदी केंद्रावर माल नेण्याची वेळ ठरवून घ्यावी, अशी ती योजना. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा शेंकडा ८ पर्यंत असल्यास पूर्ण भाव, त्यापुढें १२ पर्यंत कपात, आणि त्याहून ओला माल खरेदीस अपात्र, असा नियम. म्हणजे ओलाव्याच्या एका आंकड्यावर शेतकऱ्याच्या पदरांत पडणारी रक्कम अवलंबून असते.

आतां अशा प्रकारच्या खरेदीचें काम करणारी एखादी यंत्रणा कल्पनेनें उभी करावी. पूर्वीच्या पद्धतीनें ती एकच मोठी आज्ञावली झाली असती. हल्लींच्या पद्धतीनें तिचे लहान लहान स्वतंत्र भाग पाडतात. एक भाग नोंदणी सांभाळतो, दुसरा काट्यावरचें वजन व ओलावा नोंदवितो, तिसरा प्रत ठरवितो, चौथा देयक तयार करून बँकेकडे धाडतो. या भागांस मायक्रोसर्व्हिस म्हणतात. जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या २०१४ सालच्या लेखानें हा शब्द सर्वत्र रुळला. एका भागानें दुसऱ्यास प्रश्न विचारून उत्तर मिळवायचें जें ठरलेलें दार, तें एपीआय. सोय अशी कीं, काट्याच्या भागांत सुधारणा करावयाची असल्यास देयकाचा भाग उकलावा लागत नाहीं. दोन भाग दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या चमूंनीं केलेले असूं शकतात. एक अकोल्यास, एक अमरावतीस.

घोटाळा होतो तो याच सोयींतून. समजा, काट्याचा भाग ओलावा ९.५ असा निव्वळ अंक म्हणून देत असे. अकोल्याच्या चमूंतील कोणास वाटलें कीं, पडद्यावर वाचणाऱ्यास ‘९.५ टक्के’ असें दिसलें तर बरें. त्यानें अंकाच्या जागीं अक्षरें घातलीं. त्याच्या स्वतःच्या साऱ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या, कारण त्या त्याच्याच समजुतीवर बेतलेल्या होत्या. अमरावतीच्या देयकाच्या भागास मात्र अक्षरांवरून कपात काढतां येईना. शेतकऱ्याच्या मोबाइलवर ‘देयक प्रलंबित’ एवढेंच उमटलें. वेचणीची मजुरी त्याला रोख द्यायची आहे, रब्बीचें बियाणें घ्यायचें आहे. दोष कोणाच्या कामांत शोधावा? दोघांचेंही काम आपापल्या जागीं बरोबर होतें. दोघांमधला करारच कोठें लिहिलेला नव्हता.

येथें दोन निरनिराळ्या तपासण्यांची गल्लत नेहमीं केली जाते. पहिली एपीआयची साधी चाचणी: दार ठोठवावें आणि योग्य उत्तर येतें कीं नाहीं पाहावें. तिच्यासाठीं पोस्टमन हें साधन बहुतेकांच्या परिचयाचें आहे. अभिनव अस्थाना यांनीं २०१२ मध्यें बंगळुरास हाताशीं धरलेल्या एका लहानशा कामांतून तें वाढलें. जावा भाषेंत काम करणारे रेस्ट-अश्युअर्ड वापरतात. आणि ज्यांस प्रोग्रामिंगचा विशेष सराव नाहीं त्यांना कराटे सोपें जातें, कारण त्यांतील चाचणी जवळजवळ साध्या वाक्यांप्रमाणें लिहितां येते. हीं साधनें चांगलीं आहेत. परंतु पलीकडे उत्तरावर कोण विसंबून आहे व उत्तराचा कोणता भाग त्याला लागतो, हें त्यांना आपोआप कळत नाहीं. तें कळणें ही दुसरी तपासणी, म्हणजे करारचाचणी.

करार घेणाऱ्यानें लिहावा, हा विचार इयन रॉबिन्सन यांनीं २००६ सालीं मांडला. देणारा पन्नास गोष्टी देत असेल; घेणाऱ्यास त्यांतील तीनच लागत असतील, तर करार त्या तिहींपुरताच असावा. या विचारावर उभें राहिलेलें प्रसिद्ध साधन पॅक्ट. २०१३ मध्यें ऑस्ट्रेलियांतील घरें-जागांची जाहिरात करणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाच्या कामांतून तें निघालें. त्याची रीत अशी: देयकाचा चमू आपल्या चाचणींत काट्याच्या जागीं एक बदली उभा करतो आणि सांगतो कीं, वजन अंकांत, ओलावा अंकांत, प्रत अक्षरांत हवी. ती चाचणी पार पडली म्हणजे या अपेक्षांची एक लेखी प्रत तयार होते व ती दोघांना दिसेल अशा मध्यस्थ जागेंत, म्हणजे पॅक्ट ब्रोकरमध्यें, जाऊन बसते. काट्याचा चमू आपली नवी आवृत्ति बांधतो तेव्हां ती प्रत खऱ्या काट्यावर पडताळली जाते. ‘९.५ टक्के’ ही सुधारणा तेथेंच, अकोल्याच्या टेबलावर, अडली असती. नवी आवृत्ति बाहेर सोडावी कीं नाहीं, हा प्रश्न ब्रोकरला विचारण्याचीही सोय आहे, आणि पॅक्टचा खरा उपयोग बराचसा तिच्यांतच आहे. ब्रोकरवांचून पॅक्ट वापरणें म्हणजे सौदापत्र लिहून स्वतःच्याच पेटींत ठेवणें.

या रीतींत एक जाच आहे आणि तो आधींच माहीत असावा. ‘अमुक पावतीचें वजन द्या’ अशी अपेक्षा पडताळावयाची तर देणाऱ्याच्या बाजूस ती पावती अस्तित्वांत असावी लागते. प्रत्येक अपेक्षेमागची अशी पूर्वस्थिति देणाऱ्या चमूस मुद्दाम मांडून द्यावी लागते. त्याकरितां दोन्ही चमूंचें बोलणें-चालणें असलें पाहिजे. ज्यांच्यांत तें नाहीं, त्यांनीं पॅक्ट घेऊं नये. साधन महिन्याभरांत अडगळींत पडतें.

बँकेशीं तर हा व्यवहार मुळींच जमत नाहीं. अमरावतीच्या चारपांच जणांच्या चमूनें धाडलेला करार बँक आपल्या यंत्रणेवर पडताळून पाहील, ही आशाच व्यर्थ. तेथें देणारा आपली शर्त आधीं प्रसिद्ध करतो व घेणाऱ्यांनीं ती पाळायची असते. अशी शर्त लिहिण्याची सर्वमान्य पद्धति म्हणजे ओपनएपीआय. २०११ च्या सुमारास ती स्वॅगर या नांवानें निघाली, २०१५ मध्यें लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालीं गेली, आणि पुढें तिचें आजचें नांव पडलें. लेख हातीं असला कीं त्यावर चालणारीं साधनें येतात. स्कीमाथेसिस त्या लेखावरून नाना तऱ्हेच्या, वेड्यावांकड्याही, विचारणा आपणहून तयार करतें व सेवा कोठें कोलमडते तें पाहतें. स्पेकमॅटिक त्याच लेखास करार मानून दोन्ही बाजू त्याच्याशीं ताडून पाहतें. जुना लेख व नवा लेख शेजारीं ठेवून मोडतोड करणारा फरक दाखविणारीं लहान साधनेंही आहेत, आणि खर्चाच्या मानानें त्यांचा लाभ पुष्कळच मोठा. वायरमॉकसारखें साधन बँकेचा बदली उभा करून देतें. मात्र तो बदली आपल्याच कल्पनेनें घडविलेला असल्यास बँक बदलते व बदली तसाच राहतो, म्हणून तोही प्रसिद्ध लेखावरूनच बनवावा.

एवढें सारें करूनही एक चूक निसटते, आणि वऱ्हाडांतील माणसास ती सर्वांच्या आधीं सुचावी. कापसाचा भाव क्विंटलवर बोलतात. रुईचा भाव ३५६ किलोंच्या खंडीवर. गठाण १७० किलोंची. ‘भाव’ या रकान्यांत अंक आला म्हणजे पॅक्टचें समाधान होतें, ओपनएपीआयचेंही होतें. तो क्विंटलचा कीं खंडीचा, कापसाचा कीं रुईचा, हें साधनास कसें कळावें? १९९९ सालीं नासाचें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान मंगळाजवळ नष्ट झालें, तें अशाच कारणानें: एका आज्ञावलीनें रेट्याचें माप पौंड-सेकंदांत दिलें आणि दुसरीनें तें न्यूटन-सेकंद समजून घेतलें. यावर उपाय साधा, पण तो माणसानेंच करावयाचा आहे. रकान्याचें नांवच ‘भाव रुपये प्रति क्विंटल’ असें ठेवावें, आणि लेखांत त्याची खालची व वरची मर्यादा घालावी. खंडीचा भाव आंकड्यानें कित्येक पट मोठा असल्यामुळें तो त्या मर्यादेवरच अडतो.

लहान चमूस हें सर्व एकदम घेण्याचें कारण नाहीं. दोन्ही बाजू जावांतील स्प्रिंगवर असल्यास स्प्रिंग क्लाउड काँट्रॅक्ट पुरे होतें. भाषा निरनिराळ्या असल्यास पॅक्ट बरें, कारण तें अनेक भाषांत मिळतें. प्रश्नोत्तराऐवजीं एक भाग नुसते संदेश टाकतो व दुसरा सवडीनें उचलतो, अशी व्यवस्था असल्यास त्या संदेशांचाही करार लागतो. पॅक्टमध्यें ती सोय आहे, लेखाकरितां एसिंकएपीआय आहे. सर्व भाग एके ठिकाणीं उभे करून एकदांच सगळें तपासूं, हा मोह मात्र टाळावा. तशी तपासणी संथ असते, आणि चूक सांपडली तरी ती कोणत्या जोडांतील हें सांगत नाहीं. शेवटीं एखाददुसरी ठेवावी, अधिक नकोत. निवड करतांना साधनाच्या गुणांच्या याद्या चाळण्यापेक्षां कागदावर सारे भाग मांडून त्यांतील ज्या जोडांतून पैसा जातो त्यांवर खूण करावी. वर कल्पिलेल्या खरेदींत पहिली खूण काटा व देयक यांच्या मधल्या जोडावर पडेल, दुसरी देयक व बँक यांच्या. पहिल्यासाठीं पॅक्ट, दुसऱ्यासाठीं बँकेचा प्रसिद्ध लेख. आणि नोंदणीच्या पडद्याला पोस्टमनमधील चार चाचण्या हंगाम सुरू होण्यापूर्वीं पुरतात.