चिखलात चालणारी निवटी : भराव पडला की घरच बुजतं

ठाणे : ओहोटी लागली की खाडीच्या उघड्या चिखलावर वीतभरापेक्षा लहान मासे टुणटुण उड्या मारताना दिसतात. हीच आपली निवटी. आगरी-कोळी घरांत निवट्यांच्या कालवणाला मोठा मान. पण मासा असून ती पाण्याबाहेर जगते कशी?

श्वास कसा घेते?
निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते. शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून हवेतला प्राणवायू घेते. अंग सुकलं की श्वास अडतो, म्हणून ती मधूनमधून डबक्यात लोळते. छातीजवळचे पर टेकत ती सरकते आणि शेपटीच्या झटक्यानं उडी मारते.

खाते काय, राहते कुठे?
आपल्या खाडीतल्या नेहमीच्या जातीला १८३७ साली बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी हे शास्त्रीय नाव मिळालं. डोकं डावी-उजवीकडे हलवत ती चिखलावरचं बारीक शेवाळ खरवडून खाते. बगळा आला की थेट बिळात. अंडीही बिळातच. जपानमध्ये हिच्या एका जातभाईचा अभ्यास झाला. तिथं नर तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडतो, तेव्हा कुठे अंड्यांना प्राणवायू मिळतो.

म्हणजे निवटीला तीन गोष्टी हव्यात : मऊ चिखल, त्यावरचं शेवाळ आणि रोजचं भरतीचं पाणी. बांध घालून पाणी अडवलं तर चिखल सुकून तडकतो, शेवाळ मरतं. डंपरनं माती ओतली तर बिळं जागीच बुजतात.

कायदा काय सांगतो?
तिवरं तोडू नयेत हे आता बहुतेकांना माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कांदळवन तोडायला, त्यात भराव टाकायला बंदी घातली आणि भोवतीचा ५० मीटर पट्टाही राखायला सांगितला. पण तिवरांसमोरचा उघडा चिखल मात्र लोकांना ‘रिकामी जागा’ वाटतो. प्रत्यक्षात सागरी किनारा नियमावलीत मालवणचे प्रवाळ आणि खाडीतला असा जिवंत चिखलपट्टा एकाच, सर्वात संवेदनशील वर्गात आहेत. रंगीत माशांना जसं प्रवाळ, तसा निवटीला हा चिखल.

ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जाही मिळाला. मुंब्रा, दिवा, डोंबिवलीकडची उल्हास खाडी त्या अभयारण्यात येत नाही. तरी किनारा नियमावली आणि न्यायालयाचा आदेश तिथंही लागू आहे.

काय करता येईल?
खाडीत भराव पडताना दिसला तर तारीख, वेळ आणि ठिकाण कळेल असा फोटो काढा आणि तहसीलदार कार्यालयात व वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. आणि उशीर करू नका. माती एकदा दाबून सपाट झाली, की तिथं निवटी होती हे सिद्ध करायला बीळसुद्धा उरत नाही.