पळसाला पाने तीन, पाकळ्या किती?

शाळेत कंपासपेटी मिळाल्यावर आपण सगळ्यांनी पहिली गोष्ट काय केली? वर्तुळ काढले, तीच त्रिज्या ठेवून परिघावरून कंस मारत गेलो आणि सहा पाकळ्यांचे फूल उमलले. पुढे अंगणातल्या रांगोळीत तेच, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रात तेच आणि लेकीच्या रुखवतातही तेच. फूल म्हटले की आपला हात आपोआप गोल फिरतो. जलरंगात फुले रंगवायला बसणाऱ्याची खरी अडचण ही आहे. रंग, ब्रश, कागद हे सारे नंतरचे. आधी ते कंपासचे फूल हातातून जावे लागते.

त्यासाठी नागपूरकरांना पळसासारखा गुरू नाही. फाल्गुनाच्या सुमारास सेमिनरी हिल्सवर, गोरेवाड्याकडे पाने झडलेला पळस पेटू लागतो. 'पळसाला पाने तीनच' हे आपण जन्मभर म्हणत आलो. पण पाकळ्या किती, असे कुणी विचारले तर? पाच. आणि त्याही एकसारख्या नाहीत. एक मोठी, मागे वळलेली. दोन बाजूंना पंखांसारख्या. उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून चोचीसारख्या वाकलेल्या. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' ज्याने हे नाव ठेवले त्याने फूल हातात घेऊन पाहिले असणार!

फांदी मोडू नका. सकाळी झाडाखाली पडलेली दोन-चार ताजी फुले पुरतात. त्यातले एक पांढऱ्या कागदावर ठेवा आणि थोडा वेळ पेन्सिलला हातही लावू नका. आपण लाल ठरवून टाकलेला रंग हळूहळू केशरी दिसू लागतो. त्यावरची रेशमासारखी रुपेरी लव दिसते. देठाजवळची वाटी काळी नसून गडद तपकिरी, हिरवट मखमल असते. एवढे दिसले की अर्धे चित्र झाले.

उरलेले अर्धे मात्र कसोटी पाहते. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. फिक्याकडून गडदाकडे जायचे. परतीची वाट जवळजवळ नाहीच. म्हणून पाकळीवरची चमक आधीच सोडून द्यायची. मग पातळ पिवळा, तो ओला असतानाच कडेने केशरी, आणि मग हात आवरायचा. हे आवरणेच कठीण. नवशिका ओल्या रंगात पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतो आणि पाकळी मळवून टाकतो. वाटीसाठी तयार काळा घेऊ नये. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळले की जिवंत गडद मिळतो. खोडरबर जपून वापरावा, कागद खरवडला गेला की तिथे डाग पडतो. साधा कार्ट्रिज कागद पाण्याने फुगतो. जाड हातकागद बरा. पुण्यातली हातकागद संस्था १९४० सालची आहे, ही आपल्या घरचीच सोय.

परदेशी पुस्तकांतल्या सूचना तिथल्या गारव्यात लिहिलेल्या असतात. 'कागद ओला असताना' हे शब्द नागपूरच्या मार्चअखेरीला लागू पडत नाहीत. ब्रश पाकळीच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाईपर्यंत पहिले टोक वाळून कडा उमटलेली असते. उपाय साधा आहे: पहाटे बसावे, कागदाची मागची बाजूही ओलावून घ्यावी, पंखा बंद ठेवावा. घरच्या बाईला मात्र यातले शेवटचे दोनच जमतात. पहाट तिची कधी नसतेच. ती फुलासमोर बसली की दूधवाला येतो, कुकरची शिट्टी होते, कुणाचा तरी मोजा सापडत नाही. तेलरंग थांबतात, जलरंग थांबत नाही. पाकळीवर उमटलेली ती कडा पुष्कळदा हवेची नसून हाकेची असते. घरातल्यांनी आठवड्यातून दोन तास हाक मारायची नाही, एवढे ठरवले तरी या शहरात कितीतरी चित्रकार निघतील.

फुलाचे असे काटेकोर चित्र काढण्याचे काम आपल्याकडे जुने आहे. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका हिंदी चित्रकाराकडून तिथल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत. त्या झाडांची लॅटिन नावे सापडतात. चित्रकाराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. म्हणून एक विनंती: चित्र बरे साधो वा बिघडो, खाली कोपऱ्यात आपले नाव, तारीख आणि झाड कुठले ते पेन्सिलीने लिहाच.

पळसाचा बहर ओसरला की एप्रिल-मेमध्ये बहावा झुंबरे लावतो. तो रंगवताना पिवळ्याची सावली काळ्याने करू नका, हिरवट होते. चिमूटभर जांभळा मिसळून पाहा.