पंचेचाळिशीत निवृत्ती, पण गेमिंग चालूच

लोअर परळला नोकरी, लालबागला घर. लोकलचा वाचलेला वेळ मुलीचा. ती झोपली की हेडफोन लावून गेम. घरात लहान मूल असेल तर हवा तिथे पॉज होणारेच गेम घ्या. ऑनलाइन मॅच मध्येच सोडता येत नाही. जुनं ग्राफिक्स कार्ड लॅमिंग्टन रोडला विकून, वर थोडे घालून नवं घ्यायचं.

आता निवृत्तीचं. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठवा, असं सगळे सांगतात. हा हिशेब विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या अभ्यासावरून आलाय. आकडे अमेरिकेचे, मुदत ३० वर्षांची. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला चाळीसेक वर्षं काढायचीत, म्हणून मी ३५ पट धरतो. पीपीएफ १५ वर्षांनी मोकळा होतो, पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येतो. ईपीएफचं पूर्ण पेन्शन ५८ ला; पन्नाशीनंतर आधीच घेतलंत तर प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी.

आणि हे अजिबात विसरू नका: नोकरीसोबत कंपनीचा आरोग्य विमाही जातो. आईवडिलांसकट स्वतःचा विमा नोकरीत असतानाच काढा, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.