लॅपटॉप घ्यावा केव्हा?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप आत्ताच घ्यावा, की थोडे थांबावे? थांबावे तर मुलांचे अडते. घ्यावा तर कोणीतरी सांगतो, "दिवाळीला नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेतलेलं जुनं होईल." चाळीस-पन्नास हजारांची वस्तू ही काही वरचेवर होणारी खरेदी नव्हे. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागते, भिशी उचलावी लागते, कधी आईच्या अंगावरची एखादी वस्तू गहाण पडते. म्हणून या प्रश्नाचा विचार जाहिरात पाहून नव्हे, तर हिशेबाची वही पुढे घेऊन केला पाहिजे.

'नवीन येणार' हे कारण नव्हे

पुढे इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ साली एका लेखात मांडले, की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ साली त्यांनी हा काळ दोन वर्षांचा धरला. तो वेग आता पूर्वीइतका राहिलेला नाही, पण नवे मॉडेल येणे काही थांबलेले नाही. "पुढच्या वर्षी याहून चांगला मिळेल" हे वाक्य १९९५ साली खरे होते आणि आजही खरे आहे. जे दरवर्षीच खरे असते, ते यंदाच थांबण्याचे कारण कसे होईल?

शिवाय थांबले की भाव उतरतोच, असेही नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मेमरी चिपला एवढी मागणी आली, की रॅमचे भाव झपाट्याने चढले. स्वस्त होईल म्हणून थांबलेल्या ग्राहकाला त्या वेळी नुकसानच सोसावे लागले.

थांबण्याचे एक कारण मात्र रास्त आहे. मुलाचा प्रवेश कोणत्या शाखेला होणार हे ठरलेले नसेल, तर जरूर थांबावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला टॅली आणि एक्सेल चालले की भागते. इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगला अधिक ताकदीचे यंत्र लागते. आधी प्रवेश, मग लॅपटॉप.

घसाऱ्याचा धडा

बी.कॉम.ला आम्ही घसारा शिकलो. वस्तू वापरता वापरता तिचे मोल कमी होते, ते दरवर्षी वहीत उतरवायचे, याला घसारा म्हणतात. आयकराच्या नियमांत संगणकाला पूर्वी ६० टक्के घसारा होता, तो २०१७-१८ पासून ४० टक्के झाला. फर्निचरला मात्र १० टक्केच. ५०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला तर ४० टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाअखेर त्याचे मोल ३०,००० उरते, दुसऱ्या वर्षी १८,००० आणि तिसऱ्या वर्षी १०,८००. म्हणजे लॅपटॉप ही सोन्यासारखी जपून ठेवायची वस्तू नव्हे. ती वापरून वसूल करायची वस्तू आहे. "पुढे लागेल" म्हणून दोन वर्षे आधी घेऊन कपाटात ठेवणे हा सर्वांत महाग व्यवहार.

म्हणून किंमत पाहताना महिन्याचा खर्च काढावा. ४५,००० चे यंत्र पाच वर्षे चालले तर महिन्याला ७५० रुपये पडले. २६,००० चे यंत्र दोनच वर्षांत रखडू लागले तर महिन्याला १,०८० च्या वर गेले. स्वस्त कोणते, ते आपणच ठरवा.

जुना कधी टाकावा?

घरात आधीचा लॅपटॉप असेल तर तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, काम होते का? नुसता हळू झाला म्हणून टाकू नका. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्यावर तेच यंत्र ताजेतवाने होते. बॅटरी बदलता येते. बऱ्याच यंत्रांत रॅमही वाढवता येते, काहींत ती कायमची जोडलेली असते, ते आधी विचारून घ्यावे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या एक-तृतीयांशाच्या आत असेल आणि आणखी दोन वर्षे काम निघत असेल, तर दुरुस्तीच करावी.

दुसरा प्रश्न, यंत्र सुरक्षित आहे का? विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा सुरक्षा योजना जाहीर केली, पण ती तात्पुरती सोय होय. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, ते असुरक्षित ठेवणे बरे नव्हे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या मोफत प्रोग्रामने आपले यंत्र चालेल का, ते कळते. न चालणाऱ्या यंत्रावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकता येते. लेखन, अभ्यास, इंटरनेट यांना ती पुरते.

तिसरा प्रश्न, नवे काम आले आहे का? मुलीने असा अभ्यासक्रम घेतला, की त्याचा प्रोग्राम या यंत्रावर उघडतच नाही, तर थांबण्यात अर्थ नाही. वाया गेलेले सत्र कोणत्याही सेलमध्ये परत मिळत नाही.

दुकानात जाताना

नुसते "आय-फाइव्ह आहे" यावर भुलू नका. हे नाव २००९ पासून चालत आले आहे. त्यापुढचा आकडा वाचा. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. नवा घेताना रॅम किमान ८ जीबी, ऐपत असेल तर १६, आणि साठवण एसएसडीवरच घ्यावी.

'बिनव्याजी हप्ता' म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. रोखीने किती आणि हप्त्याने एकूण किती, हे दोन्ही आकडे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या. पक्के बिल घ्याच. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावावा.

जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील फोटो आणि कागदपत्रे पुसून टाका. तारा आणि सर्किट उघड्यावर जाळली की विषारी धूर सुटतो, आणि तो भंगार वेचणाऱ्या गरीब माणसांच्याच छातीत जातो. म्हणून ते मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रातच द्यावे.

शेवटी एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगावीशी वाटते. मुलासाठी कर्ज काढून नवा लॅपटॉप आणि मुलीला "मोबाईलवर भागव" असे अनेक घरांत घडते. मोबाईलवर व्याख्यान ऐकता येते, पण प्रकल्प अहवाल लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, टायपिंगचा सराव करणे हे नीट होत नाही. एकच यंत्र घेणे शक्य असेल तर ते घराचे असू द्या. भिंतीवर वेळापत्रक लावा, सकाळ तिची, संध्याकाळ त्याची. ज्याची परीक्षा जवळ, त्याचा हक्क पहिला.