शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातील सारा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कारखान्याच्या आवारात साचलेल्या गाळाचे तसे नसते. त्याचा आजचा थर निराळा, महिन्यापूर्वीचा निराळा. मग असा ढीग घातक आहे की नाही, हे दोनचार नमुन्यांवरून ठरवावयाचे कसे?

अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानंतर हा प्रश्न तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेपुढे उभा राहिला. कचऱ्याचा नमुना आम्लयुक्त द्रावणात घुसळून, गाडलेल्या कचऱ्यातून किती विषारी द्रव्य झिरपेल याचा तेथे अंदाज घेतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅम वा अधिक शिसे उतरले, तर तो कचरा घातक. भारताच्या २०१६ च्या नियमांतही शिशासाठी हाच आकडा आहे.

समजा, चार नमुन्यांत ३, ४, ४ आणि ७ असे आकडे आले. सरासरी ४.५, म्हणजे मर्यादेच्या आत. परंतु संस्थेची मार्गदर्शिका एवढ्यावर विसंबत नाही. नमुन्यांची संख्या आणि आकड्यांतील तफावत पाहता संपूर्ण ढिगाची सरासरी नव्वद टक्के भरवशाने कितीच्या आत धरता येईल, असे ती विचारते. थोड्या निरीक्षणांसाठीचे हे गणित डब्लिनमधील गिनेसच्या बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडले. त्यानुसार येथे वरची सीमा सुमारे ५.९ येते आणि निवाडा फिरतो. तफावत तेवढीच राहून २५ नमुन्यांची सरासरीही ४.५ आली, तर मात्र ही सीमा ५ च्या किंचित खाली उतरते. तात्पर्य, संशयाचा भार ज्याचा कचरा त्याच्यावर. अधिक नमुने तपासून त्याने तो उतरवावा.

हे न्याय्यच आहे. मात्र नमुने ढिगाच्या सोयीच्या कोपऱ्यातून उचलले, तर कोणतेही सूत्र सत्य सांगणार नाही. शिवाय नव्वद टक्क्यांची रेघ गणिताने नव्हे, माणसांनी आखलेली आहे. खरी सरासरी नेमकी मर्यादेवर असलेला कचराही दहांतून एकदा निर्धोक ठरून सुटू शकतो. निर्धोक कचरा घातक ठरला, तर भुर्दंड कारखान्याला पडतो. घातक कचरा निर्धोक ठरला, तर तो शेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना. म्हणूनच ही रेघ कोठे असावी, हे ठरविताना त्यांनाही विचारले पाहिजे.