हाक आली, मग पुढे काय?

बालमित्रांनो, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीनं उद्या सांगितलं, "देवानं मला हाक मारली," तर तुम्ही काय कराल? काही जण खो खो हसतील. काही म्हणतील, "स्वप्न पडलं असेल गं!" आणि एखादा तरी हळूच विचारेल, "मग? काय म्हणाला देव?"

आज मी तुम्हाला अशाच एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. तिचं नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. "हातात दिवा घेतलेली बाई ना? माहीत आहे की!" असं म्हणून लगेच पान उलटू नका हं. दिव्याची गोष्ट खरीच आहे, पण त्या दिव्याच्या आधी आणि नंतर जे घडलं, ते दिव्याहून मोठं आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचंच नाव तिला ठेवलं. घर इंग्लंडातलं, चांगलं श्रीमंत. वडील स्वतः दोन्ही मुलींना शिकवायचे. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित! त्या काळात मुलींना इतकं कोण शिकवत होतं? फ्लॉरेन्सला तर गणिताची भारीच गोडी.

७ फेब्रुवारी १८३७ या दिवशी, ती सोळा वर्षांची असताना, तिला वाटलं की देव आपल्याशी बोलला आणि त्यानं आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावलं. ही तारीख तिनं लिहून ठेवली आणि जन्मभर जपली.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलानं विचारलं, "बाई, देव इंग्लिशमध्ये बोलला का?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, "अरे, आतली हाक कानानं ऐकू येत नाही. तहानलेल्या गाढवाला पाहून संत एकनाथांना जे वाटलं आणि त्यांनी कावडीतलं गंगेचं पाणी त्याला पाजलं, ती कुठल्या भाषेतली हाक होती?" पोरगा विचारात पडला.

गंमत अशी की, सेवा कर म्हणून हाक आली, पण कसली सेवा ते फ्लॉरेन्सला कळेना. त्यात सात वर्षं गेली. १८४४ च्या सुमारास तिच्या मनानं घेतलं, की आपलं काम रुग्णालयात, आजाऱ्यांच्या उशाशी आहे. तिनं घरी सांगितलं आणि एकच गहजब झाला! तेव्हाची रुग्णालयं म्हणजे घाण आणि दुर्गंधी. तिथं काम करणाऱ्या बायका दारू पितात, असा बोभाटा. असल्या ठिकाणी आपली मुलगी? आईला रडू कोसळलं. वडिलांनी साफ नकार दिला.

मग फ्लॉरेन्सनं काय केलं? रुसून बसली? पळून गेली? नाही. ती पहाटे, घरातले उठायच्या आत उठायची. अंगाभोवती शाल गुंडाळून मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल वाचायची. कुठं किती खाटा, किती रोगी, किती बरे झाले, किती दगावले, सगळं टिपून ठेवायची. आणि मग न्याहारीच्या वेळी शहाण्या मुलीसारखी टेबलावर हजर! लग्नाची चांगली मागणी आली, तीही तिनं नाकारली. १८५१ मध्ये, एकतीस वर्षांची झाल्यावर, जर्मनीतल्या कैसरवर्थ इथं सुमारे तीन महिने रोग्यांच्या शुश्रूषेचं शिक्षण घ्यायला तिला मिळालं. १८५३ मध्ये लंडनच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. मोजा बरं! हाक आल्यापासून सोळा वर्षं झाली होती.

त्याच सुमारास युद्ध पेटलं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, ब्रिटन आणि फ्रान्स. यालाच क्रिमियाचं युद्ध म्हणतात. जखमी ब्रिटिश सैनिकांना जहाजात घालून, काळा समुद्र ओलांडून, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला आणत. तिथं त्यांचे किती हाल होतात, हे 'टाइम्स' वर्तमानपत्रानं छापलं आणि इंग्लंड हादरलं. सिडनी हर्बर्ट या मंत्र्यांनी फ्लॉरेन्सला पत्र लिहिलं. काय योगायोग! त्यांचं पत्र येण्याआधीच तिनं निघायची तयारी चालवली होती. ३८ जणींना घेऊन ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती स्कुटारीला पोचली. त्यांत वेगवेगळ्या पंथांच्या जोगिणी होत्या, तशा रुग्णालयांत पगारावर काम केलेल्या साध्या बायकाही होत्या. रोग्याला आपल्या पंथाकडे ओढायचं नाही, असा नियम होता. ज्याला पाणी हवंय त्याला पाणी द्यायचं, प्रवचन नाही!

तिथलं रुग्णालय म्हणजे सैन्याची जुनी बराक. लांबच लांब वाटांमध्ये जमिनीवर माणसं पडलेली. उंदीर, उवा, घाण. साबण नाही, पंचे नाहीत, घमेली नाहीत. डॉक्टरांना तर या बायका नकोच होत्या. फ्लॉरेन्स भांडली नाही. बोलावणं येईपर्यंत तिनं बायकांना पट्ट्या शिवायला बसवलं. लवकरच जखमींची इतकी गर्दी झाली, की डॉक्टरांनीच हाक मारली. मग घासायचे ब्रश आले, फरशा धुतल्या गेल्या. एक घर भाड्यानं घेऊन तिथं कपडे धुवायची सोय झाली. सैनिकांच्या बायकांना त्यातून काम मिळालं. रात्री हातात घडीचा तुर्की कंदील घेऊन फ्लॉरेन्स खाटांमधून फिरायची. मरणाऱ्या सैनिकाच्या आईला पत्र लिहायची.

आता मात्र नीट ऐका हं, कारण गोष्टीच्या पुस्तकांत पुढचं सहसा सांगत नाहीत. एवढं करूनही माणसं मरतच होती! पहिल्या हिवाळ्यात तर मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या दर शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ जण दगावत होते. मनात देवाची हाक आहे, हातात दिवा आहे, दिवसरात्र कष्ट आहेत, तरीसुद्धा!

मार्चमध्ये सरकारनं स्वच्छता-तज्ज्ञांचं एक पथक पाठवलं. त्यांनी जमिनीखाली पाहिलं. बराकीखालची गटारं तुंबलेली होती. पाणी येण्याच्या वाटेत मेलेला घोडा पडलेला होता. त्यांनी गटारं साफ केली, पाण्याची वाट मोकळी केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात सुमारे दोनवर आलं.

१८५६ मध्ये फ्लॉरेन्स इंग्लंडला परतली. लोक जंगी स्वागत करणार होते. पण ही बाई टोपणनाव घेऊन गुपचूप घरी आली! हारतुरे घ्यायला तिला वेळ कुठं होता? तिनं सगळे आकडे पुढ्यात मांडले. विल्यम फार या आकडेतज्ज्ञाची मदत घेतली. त्यातून स्पष्ट दिसलं, की शत्रूच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक रोगांनी मेले होते, आणि ते रोग टाळता येण्यासारखे होते. मंत्र्यांना आकड्यांचा कंटाळा येतो म्हणून तिनं रंगीत पाकळ्यांच्या फुलासारखी चित्रं काढली. जितकी पाकळी मोठी, तितके मृत्यू जास्त. ती पाहिली की कुणालाही कळावं! १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेनं तिला सभासद करून घेतलं. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

"बाई, गणित कशाला शिकायचं?" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. देवाचे नियम आकड्यांतून उलगडतात, अशी फ्लॉरेन्सची श्रद्धा होती. तिच्या दृष्टीनं प्रार्थना आणि बेरीज-वजाबाकी ही वेगळी कामं नव्हतीच.

क्रिमियात आलेल्या तापानं तिची तब्येत कायमची ढासळली. पुढं कित्येक वर्षं तिनं बरंचसं काम घरात, अंथरुणातून केलं. १८६० मध्ये तिच्या नावानं लंडनला परिचारिकांची शाळा निघाली. आपल्या देशात ती कधीच आली नाही, पण इथल्या छावण्यांतून माहिती मागवून तिनं पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था सुधारायला सरकारला भाग पाडलं. भारतातल्या ब्रिटिश सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत, ते १८७३ पर्यंत १८ वर आले. पुढं तिचं लक्ष इथल्या रयतेकडे, दुष्काळाकडे, खेड्यांकडे वळलं. खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिनं पत्रव्यवहारही केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वद वर्षांची होऊन, ती वारली.

मुलांनो, आजही जगात युद्धं होतात. टीव्हीवर मोडलेली घरं आणि रडणारी मुलं दिसतात. ती पाहून तुमच्या घशाशी येत असेल, आपण काहीतरी करायला हवं असं वाटत असेल, तर ते वाटणं लहान समजू नका. पण नुसतं वाटून भागत नाही, हे स्कुटारीनं दाखवून दिलंय. जखम कशी बांधायची ते शिका. पाणी कसं शुद्ध करायचं ते शिका. आणि आपण केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही, हे खरं खरं मोजायला शिका.

आई-बाबांनाही दोन शब्द सांगते. जेवताना तुमचं मूल म्हणालं, "मला तिकडं जाऊन मदत करायचीय," तर "आधी पाढे पाठ कर," असं म्हणून त्याला गप्प करू नका. "मदत करायची तर काय काय यायला हवं रे?" असं विचारा. पाढे त्या यादीत आपोआप येतील.

फ्लॉरेन्सचा वाढदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. तेव्हा तुम्हाला उन्हाळ्याची सुट्टी असते. त्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि सिस्टरना विचारा, "तुम्ही दिवसातून किती वेळा हात धुता, आणि का?" उत्तर वहीत लिहून घ्या. शाळा उघडली की मला दाखवायचं बरं का!